जुना मॉनिटर घरी आणल्यावर: पडद्यावरच्या दोषाचे मूळ कसे शोधावे

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतील कार्यालये दर काही वर्षांनी आपले संगणक बदलतात आणि तेथून उतरलेले मॉनिटर व्यापाऱ्यांच्या हातून पुण्याच्या बाजारात येतात. तपकीर गल्लीच्या परिसरातील दुकाने, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार किंवा सोसायटीतील एखाद्या शेजाऱ्याची घर बदलतानाची आवराआवर, अशा कोणत्याही वाटेने चांगला २२ किंवा २४ इंची पडदा नव्याच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत मिळू शकतो. अडचण सुरू होते ती तो घरी आणून जोडल्यावर. चित्र पिवळे दिसते, अक्षरे पुसट येतात, मधूनच पडदा काळा होतो, आणि घेणाऱ्याला वाटते की आपण फसलो.

माझा भाचा सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने आणलेल्या मॉनिटरवर पांढरे पान पिवळेधमक दिसू लागले. विकणाऱ्याने फोनवरच “पॅनेल गेलं असेल, त्याला इलाज नाही” असे सांगून टाकले आणि भाच्यानेही ते खरे मानून मॉनिटर भंगारात देण्याची तयारी केली. मी त्याला फक्त मॉनिटरचे मेनूचे बटण दाबायला सांगितले. पिवळ्या चित्रावर उमटलेल्या त्या मेनूतील अक्षरे मात्र स्वच्छ पांढरी होती. याचा अर्थ पॅनेलला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेला, पांढरा रंग दाखवता येत होता, त्याच्यापर्यंत निळ्या रंगाचा सिग्नलच पोहोचत नव्हता. व्हीजीए केबलच्या, म्हणजे जुन्या पंधरा पिनांच्या केबलच्या, टोकाची एक पिन आडवी झाली होती. ती बारीक चिमट्याने सरळ केली आणि तो मॉनिटर आजही चालू आहे.

या लेखातील सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. दोष संगणकात आहे, केबलमध्ये आहे की मॉनिटरमध्ये, हे ठरल्याशिवाय काहीही बदलू नये, काहीही उघडू नये, आणि एका वेळी एकाहून अधिक गोष्टींना हात लावू नये.

विकत घेताना करायची तपासणी

स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःची खात्रीची केबल बरोबर न्यावी. दुकानदाराच्या संगणकावर सुरेख दिसणारे रंगीत निसर्गचित्र काहीच सिद्ध करत नाही, कारण अशा चित्रात मेलेले पिक्सेल, डाग आणि कडेची काळपट छटा सहज लपतात. लॅपटॉपमध्ये पूर्ण पांढरे, पूर्ण काळे, लाल, हिरवे, निळे आणि मध्यम करडे अशी सहा चित्रे तयार ठेवावीत व ती एकामागून एक पूर्ण पडद्यावर दाखवावीत. पांढऱ्यावर काळे ठिपके आणि पिवळट कोपरे दिसतात, काळ्यावर कडेतून झिरपणारा प्रकाश आणि सतत पेटलेले ठिपके दिसतात, तर करड्यावर जुन्या चित्राचे ठसे आणि ढगाळ डाग उघडे पडतात. १९२० बाय १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. त्यांतील एखादा कडेला मेलेला असेल तर मी त्यासाठी सौदा मोडत नाही. पडद्याच्या मध्यभागी असेल तर मात्र वाचताना नजर सारखी तिथेच जाते, त्यामुळे असा मॉनिटर घेऊ नये असे माझे मत आहे.

मॉनिटर किमान पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवायला सांगावे. वीजपुरवठ्याच्या भागातील अनेक दोष बोर्ड गार असताना किंवा गरम झाल्यावरच दिसतात, आणि दुकानात सकाळपासून चालू असलेला मॉनिटर गार अवस्थेत कसा वागतो हे तिथे कळत नाही. म्हणून शक्य असल्यास तो बंद करून, थोडा गार होऊ देऊन पुन्हा चालू करून पाहावा.

मागचे लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्यावर मॉडेल क्रमांक, बहुधा निर्मितीचा महिना आणि वर्ष, आणि विजेची गरज लिहिलेली असते. बाहेरून अडॅप्टर लागणाऱ्या मॉनिटरच्या बाबतीत तर ही नोंद फारच महत्त्वाची आहे. एलजीच्या अनेक मॉडेलना १९ व्होल्ट लागतात, सॅमसंगच्या अनेक मॉडेलना १४ व्होल्ट, आणि काहींना १२. जुन्या मालात मूळ अडॅप्टर हरवून त्याजागी भोकात बसेल तो दुसरा दिलेला असतो. अडॅप्टरचे व्होल्ट लेबलवरील आकड्याशी जुळले पाहिजेत, अँपिअर तितके किंवा जास्त असले पाहिजेत, आणि मधली पिन धन की ऋण हे दाखवणारे छोटे चित्र दोन्हींवर सारखे असले पाहिजे.

स्टँडशिवाय मिळणारा मॉनिटर स्वस्त वाटतो, पण मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार भोके आहेत का, हे पाहूनच घ्यावा. या भोकांत एम४ मापाचे स्क्रू बसतात. गरजेपेक्षा लांब स्क्रू आवळल्यास तो आतल्या भागांना इजा करू शकतो.

घरी आणल्यावर पहिल्यांदा

पावसाळ्यात दुचाकीवरून आणलेला मॉनिटर लगेच विजेला जोडू नये. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असला तरी तो बाहेर काढून, पंख्याच्या साध्या वाऱ्यात एक रात्र उभा ठेवावा. आत ओल असताना वीज दिल्यास, विशेषतः मागच्या उजेडासाठी बारीक ट्यूब असलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये उच्च दाबाच्या भागात ठिणगी पडू शकते. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर वापरू नये, कारण त्याच्या उष्णतेने पडद्यावरील ध्रुवक (पोलरायझर) या पातळ पट्टीला सुरकुत्या पडू शकतात. पडदा पुसताना काचेचा फवारा थेट मारू नये. मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड शुद्ध पाण्याने किंचित दमट करून पुसावे, कारण फवाऱ्याचे थेंब खालच्या कडेतून आत उतरतात आणि नेमके तिथेच पॅनेलचे नाजूक जोड असू शकतात.

त्यानंतर मेनूत जाऊन फॅक्टरी रीसेट करावे. हे काम अगदी किरकोळ वाटते, तरी माझ्याकडे आलेल्या कितीतरी ‘बिघडलेल्या’ मॉनिटरांना एवढेच हवे होते. आधीच्या मालकाने उजेड शून्यावर आणलेला असतो, डोळ्यांसाठी म्हणून निळा रंग कमी करणारी अवस्था लावलेली असते, किंवा शार्पनेस इतका वाढवलेला असतो की प्रत्येक अक्षराभोवती पांढरी कड दिसते. मेनू उघडतच नसेल किंवा कुलपाचे चिन्ह दिसत असेल, तर मेनूचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. कार्यालयांत वापरलेल्या अनेक मॉडेलमध्ये मेनूला अशा रीतीने कुलूप घालता येते आणि बहुतेकदा ते त्याच बटणाने निघते.

मॉनिटरचीच साक्ष काढणे

आता मुख्य तपासणी. ती तीन टप्प्यांची आहे आणि तिला पाच मिनिटे पुरतात.

पहिल्या टप्प्यात विजेची वायर तशीच ठेवून सिग्नलची केबल मॉनिटरच्या बाजूने काढावी आणि मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करावा. धडधाकट मॉनिटरने आपली खूण, किंवा ‘नो सिग्नल’, किंवा केबल जोडलेली नाही अशी सूचना दाखवली पाहिजे. ती सूचना स्पष्ट, योग्य रंगाची आणि स्थिर असेल, तर वीजपुरवठा, मागचा उजेड आणि पॅनेल ही तिन्ही बऱ्या स्थितीत आहेत असे तूर्त मानता येते. डेलच्या अनेक मॉडेलमध्ये याही पुढे जाता येते. केबल काढलेली असताना ठरावीक बटण काही क्षण दाबून धरले की मॉनिटर स्वतःच करडा, लाल, हिरवा, निळा, काळा, पांढरा असे पडदे क्रमाने दाखवतो. हे रंग मॉनिटरच्याच आतून तयार होत असल्याने त्यांत दिसणारा दोष निःसंशय मॉनिटरचा असतो.

दुसऱ्या टप्प्यात केबल जोडून, दोष दिसत असताना मेनू उघडावा. मेनू हे मॉनिटरच्या बोर्डाने काढलेले चित्र आहे, त्याचा संगणकाशी काहीही संबंध नाही. उभी रेघ मेनूच्या चौकटीवरूनही आरपार जात असेल, तर ती पॅनेलची किंवा पॅनेलला जाणाऱ्या जोडाची आहे. चित्र थरथरते पण मेनू स्थिर आहे, चित्र पुसट आहे पण मेनूची अक्षरे रेखीव आहेत, चित्राचा रंग बिघडलेला आहे पण मेनूचा ठीक आहे, अशा वेळी दोष मॉनिटरपर्यंत येणाऱ्या वाटेवर किंवा संगणकात शोधावा.

तिसऱ्या टप्प्यात चित्राचा उगम बदलावा. दुसरा लॅपटॉप, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, जे असेल ते त्याच केबलने जोडावे, आणि मग तेच उपकरण दुसऱ्या केबलने. हा क्रम पाळला तर केबल आणि संगणक वेगवेगळे तपासले जातात. दोन्ही एकदम बदलले तर चित्र सुधारते खरे, पण कशामुळे सुधारले हे कळत नाही. डीव्हीआय या जुन्या डिजिटल जोडणीच्या फार जुन्या मॉनिटरवर सेट-टॉप बॉक्सचे चित्र येत नसेल तर घाई करू नये. कॉपीप्रतिबंधाची एचडीसीपी ही व्यवस्था नसलेल्या मॉनिटरला तो बॉक्स चित्र देण्याचे नाकारतो आणि त्यात बिघाड कुठेच नसतो.

आणखी एक छोटी युक्ती अशी की दोष दिसत असताना संगणकावर स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर उघडावा. त्या स्क्रीनशॉटमध्येही दोष उमटला असेल तर तो चित्र तयार होतानाचाच, म्हणजे प्रोग्रॅमचा किंवा ग्राफिक्सचा आहे. उमटला नसेल तर तो त्यानंतरच्या वाटेवर आहे, ज्यात ग्राफिक्स कार्डाचे बाहेरचे पोर्टही येते हे लक्षात ठेवावे.

मॉनिटर चालूच होत नाही

दिवा अजिबात लागत नसेल तर प्रथम तोच सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासावा आणि विजेची वायर बदलावी. मागच्या बाजूला, वायर बसते तिथे, काही मॉडेलना वेगळा खटका असतो आणि तो वाहतुकीत बंद झालेला असतो. अडॅप्टरचे मॉडेल असेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून अडॅप्टरच्या टोकाशी मोजणी करावी. आकडा बरोबर येऊनही मॉनिटर लागता-लागता विझत असेल, तर अडॅप्टर भार पेलत नाही अशी शंका घ्यावी आणि तेवढ्याच व्होल्टच्या दुसऱ्या अडॅप्टरने खात्री करावी. जास्त व्होल्टचा अडॅप्टर ‘एकदा लावून बघू’ म्हणून कधीही लावू नये. बोर्ड जळायला एक क्षण पुरतो.

दिवा ठरावीक तालात लुकलुकत राहतो पण काही दिसत नाही, किंवा मॉनिटर अनेकदा चालू-बंद केल्यावर एकदाचा लागतो आणि मग दिवसभर व्यवस्थित चालतो, ही फुगलेल्या कपॅसिटरची, म्हणजे बोर्डावरील वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागाची, नेहमीची लक्षणे आहेत. त्याविषयी पुढे येईलच.

दिवा आहे, पण चित्र नाही

येथे सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो आणि कारणे बहुतेक साधी असतात. कार्यालयात हा मॉनिटर डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीवर चालत होता आणि त्याचा इनपुट तिथेच कायम केलेला आहे, तुम्ही मात्र एचडीएमआय जोडले आहे. अशा वेळी मेनूतून इनपुट हाताने निवडावा. डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्याच पोर्टला लावावी. वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या पोर्टला लावलेल्या केबलमधून अनेकदा काहीच येत नाही. लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडावे. चित्र अचानक गेले असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

जोडणीसाठी वापरलेल्या कनव्हर्टरकडे संशयाने पाहावे. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल आणि व्हीजीएचा अॅनालॉग, म्हणून या दोहोंमध्ये सिग्नलचे रूपांतर करणारी चिप लागतेच आणि ती एकाच दिशेने काम करते. एचडीएमआयच्या संगणकाला व्हीजीएचा मॉनिटर जोडायला घेतलेला कनव्हर्टर उलट्या कामाला चालत नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय या साध्या केबलचेही तसेच आहे. तिचे डिस्प्लेपोर्टचे टोक संगणकाकडे असावे लागते. डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर झोपेतून जागा होत नसेल तर त्याची विजेची वायर काही मिनिटे काढून पुन्हा लावावी, आणि मेनूत ‘डीप स्लीप’सारखी वीजबचतीची सोय असल्यास ती बंद करावी. ही केबल ओढून काढू नये. तिच्या टोकाला बहुधा खटका असतो, तो दाबल्याशिवाय ती निघत नाही आणि ओढल्यास पोर्टच उपटते.

‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ असे शब्द दिसले तर उलट आनंद मानावा, कारण मॉनिटर जिवंत आहे आणि त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढले जाते तो आकडा) मिळतो आहे एवढेच तो सांगतो. दुसरा पडदा जोडून, किंवा तो नसेल तर सेफ मोडमध्ये संगणक सुरू करून, रिझोल्यूशन खाली आणावे आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवावा. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय सेटिंग्जमधील सिस्टीम, डिस्प्ले आणि त्याखालील अॅडव्हान्स्ड डिस्प्ले येथे मिळते.

अक्षरे पुसट, आकार चुकीचा, रंग विचित्र

एलसीडी पडद्याचे पिक्सेल मोजून बसवलेले असतात, त्यामुळे तो एकाच रिझोल्यूशनवर खऱ्या अर्थाने रेखीव दिसतो. १७ आणि १९ इंची, चौकोनाकडे झुकणारे पडदे बहुधा १२८० बाय १०२४ चे असतात, साडेअठरा इंची १३६६ बाय ७६८ चे, २० इंची १६०० बाय ९०० चे, जुने २२ इंची १६८० बाय १०५० चे, आणि २४ इंची १९२० बाय १०८० किंवा १९२० बाय १२०० चे. मॉडेल क्रमांकावरून नेमका आकडा पाहून तोच निवडावा. संगणकाच्या रिझोल्यूशनच्या यादीत तो आकडाच नसेल आणि १०२४ बाय ७६८ च्या पुढे काही दिसत नसेल, तर मॉनिटर आपली ओळख संगणकाला सांगू शकत नाही असे समजावे. व्हीजीए केबलमध्ये ही माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांतून जाते. स्वस्त केबलमध्ये या तारा कधी जोडलेल्याच नसतात, म्हणून आधी केबल बदलून पाहावी.

व्हीजीएविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जुन्या मॉनिटरांच्या निम्म्याहून अधिक तक्रारी मला तिथेच सापडल्या आहेत. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून जातात. लाल तार तुटली की पांढरे पान आकाशी दिसते, हिरवी तुटली की जांभळट गुलाबी, आणि निळी तुटली की पिवळे. एवढे लक्षात ठेवले तर रंग पाहूनच कोणती तार गेली ते सांगता येते. टोकाच्या पंधरापैकी एखादी पिन, बहुधा नववी, मुळातच नसते, तिला तुटलेली समजू नये. अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली पडत असेल तर केबल फार लांब किंवा हलक्या प्रतीची आहे. अक्षरांच्या कडा सतत खदखदत असतील किंवा चित्र एका बाजूला सरकले असेल, तर मजकुराने भरलेले पांढरे पान पूर्ण पडद्यावर उघडून मेनूतील ‘ऑटो अॅडजस्ट’ करावे. काळ्या किंवा रिकाम्या पडद्यावर ते केल्यास मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि मांडणी आणखी बिघडते. ज्या मॉनिटरला डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्टही आहे त्यावर व्हीजीए वापरूच नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. सिंगल लिंक डीव्हीआयसुद्धा १९२० बाय १२०० पर्यंत ६० हर्ट्झने उत्तम चालते.

पडद्यावरून फिकट आडवे पट्टे सावकाश वर किंवा खाली सरकत असतील तर अर्थिंग तपासावे. पेठांतील जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत सॉकेट तीन भोकांचा असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नीट जोडलेली असतेच असे नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. पट्टे नाहीसे झाले तर दोष विजेच्या जोडणीचा आहे. संगणक आणि मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्याने पट्टे बऱ्याचदा जातात. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र मॉनिटरचा विचार बाजूला ठेवून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आधी करून घ्यावे.

एचडीएमआयवर चित्राच्या चारही कडा कापल्या जात असतील तर मेनूतील ओव्हरस्कॅन बंद करावे. काळा रंग राखाडी आणि सगळे चित्र धुतल्यासारखे दिसत असेल, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबीची व्याप्ती ‘लिमिटेड’ऐवजी ‘फुल’ करावी. पहिल्या प्रकारात १६ ते २३५ एवढेच आकडे वापरले जातात, दुसऱ्यात ० ते २५५. आणि खालून पाहिल्यावर चित्र काळवंडते, रंग उलटे दिसतात, ही तक्रार टीएन जातीच्या पॅनेलचा स्वभाव आहे. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणून तो नजरेच्या अगदी समोर येईल असा झुकवणे एवढाच त्यावर उपाय.

चित्र क्षणभर येते आणि जाते

मॉनिटर चालू केल्यावर दोन सेकंद चित्र दिसते आणि पडदा काळा होतो, पण दिवा तसाच राहतो. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरावा. काळ्या पडद्यावर खिडक्यांचे, चिन्हांचे अंधुक आकार दिसले, तर चित्र तयार होते आहे आणि फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. जुन्या मॉनिटरांत हा उजेड बारीक ट्यूबांचा असतो आणि त्यांना पेटवणारा इन्व्हर्टर असतो. एखादी ट्यूब थकली की इन्व्हर्टर स्वतःच्या बचावासाठी सगळ्याच ट्यूब बंद करतो. नव्या मॉनिटरांत त्याजागी एलईडीच्या पट्ट्या असतात. कपॅसिटर खराब झाल्यानेही नेमके हेच लक्षण दिसते, म्हणून ट्यूब गेली असे ठरवण्याआधी बोर्ड पाहिला पाहिजे. सुरुवातीला लालसर, मंद आणि थोड्या वेळाने उजळणारा पडदा ट्यूब म्हातारी झाल्याची खूण आहे. तो आणखी काही काळ चालेल, पण त्यावर खर्च करू नये.

बारीक लुकलुक डोळ्यांना जाणवत असेल तर उजेड १०० टक्के करून पाहावा. लुकलुक थांबली तर तो बिघाड नाही. उजेड कमी करण्यासाठी हा मॉनिटर आपला प्रकाश फार वेगाने चालू-बंद करतो. ज्यांचे डोळे किंवा डोके त्याने दुखते त्यांनी उजेड पूर्ण ठेवून कॉन्ट्रास्ट कमी करावा किंवा खोलीतील प्रकाश वाढवावा.

रेघा, डाग आणि ठसे

मेनूवरूनही जाणारी बारीक उभी किंवा आडवी रेघ घरी दुरुस्त होत नाही. पॅनेलच्या काचेच्या कडेला अतिशय बारीक चिकट जोड असतात, त्यांतला एखादा सुटलेला असतो. कड दाबल्यावर रेघ जाते म्हणून तिथे कागदाची घडी कोंबण्याचा उपाय काहीजण करतात. तो फार टिकत नाही आणि काच तडकण्याची भीती असते. मात्र सबंध अर्धा पडदा बिघडलेला असेल, किंवा रंगीत ठिणग्यांसारखे ठिपके सर्वत्र पसरलेले असतील, तर बोर्डापासून पॅनेलकडे जाणारी चपटी केबल सैल झालेली असू शकते, आणि ती पुन्हा नीट बसवणे हे दुरुस्तीच्या दुकानातील अल्पसे काम आहे.

लाल, हिरवा किंवा निळा होऊन अडकलेला पिक्सेल वेगाने रंग बदलणारे चित्र काही तास लावून ठेवल्याने कधीकधी सुटतो, पण कायमचा काळा पडलेला सुटत नाही. अंगठ्याने दाबून पाहू नये, त्याने शेजारचेही जातात. कार्यालयात वर्षानुवर्षे एकच प्रोग्रॅम उघडा असलेल्या किंवा सीसीटीव्हीसाठी वापरलेल्या पडद्यावर खिडक्यांचे ठसे राहतात. पूर्ण पांढरे चित्र काही तास ठेवल्याने ते फिके होतात, आणि झाले नाहीत तर ते कायमचे आहेत.

पाठ उघडण्याआधी

कपॅसिटर बदलणे हे सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाला जमण्यासारखे काम आहे, परंतु पूर्वी कधी न केलेल्याने ते मॉनिटरवर शिकू नये. आपल्याकडील २३० व्होल्टचा पुरवठा डीसीत बदलल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात. वायर काढून, चालू करण्याचे बटण काही वेळा दाबून, अर्धा तास थांबावे. नंतरही बोर्डाला हात लावण्यापूर्वी त्या कपॅसिटरवरील व्होल्ट मल्टिमीटरने मोजून ते शून्याजवळ आल्याची खात्री करावी. इन्व्हर्टर असलेला बोर्ड चालू असताना तर त्याच्या जवळपासही बोट नेऊ नये. घरात लहान मुले असतील तर हे काम घरी करूच नये.

चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. खराब झालेल्याचा माथा फुगतो किंवा तिथे तपकिरी पापुद्रा येतो. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तितके किंवा थोडे जास्त, तापमानाची क्षमता १०५ अंश आणि जात लो ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेली) अशी हवी. अंगावरची पट्टी ऋण बाजू दाखवते, ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतो. जुने काढण्याआधी बोर्डाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या सुट्या भागांच्या दुकानांत जाताना जुना नग बरोबर न्यावा, कारण उंची आणि जाडीही जुळावी लागते. फुगलेला एकच दिसला तरी त्या रांगेतील त्याच जातीचे सगळे बदलावेत. ते सगळे एकाच वयाचे आणि एकाच उष्णतेत राहिलेले असतात.

दुरुस्तीला द्यायचे झाल्यास दुकानदाराला ‘डिस्प्ले जातो’ एवढेच सांगू नये. केबल काढल्यावर सूचना दिसते का, मेनूत दोष दिसतो का, टॉर्चच्या उजेडात चित्र दिसते का, आणि गार असताना काय होते, ही चार उत्तरे कागदावर लिहून द्यावीत. त्यामुळे तपासणीचा वेळ वाचतो आणि न लागणारा भाग बदलला जाण्याची शक्यता कमी होते. वीजपुरवठ्याचा बोर्ड, अडॅप्टर, केबल, बटणांची पट्टी यांवर खर्च करावा. पॅनेल किंवा त्याच्या कडेचा जोड गेला असेल तर करू नये, कारण पॅनेलच्या किमतीत बहुधा दुसरा जुना मॉनिटरच येतो.

असा निकामी मॉनिटर टाकून देताना अडॅप्टर, स्टँड, विजेची वायर आणि सिग्नलची केबल काढून ठेवावी, दुसऱ्या कोणाला तरी नेमके तेच हवे असते. उरलेला भाग भंगारवाल्याच्या हातगाडीवर किंवा कचऱ्याच्या डब्यात जाऊ देऊ नये. जुन्या बॅकलाइटच्या ट्यूबांमध्ये पारा असतो आणि त्या फुटल्या की तो मोकळा होतो. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांप्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे किंवा त्याच्या संकलकाकडेच मॉनिटर, ट्यूब न काढता, अखंड सोपवावा.